आधी पेन्सिल काढून घ्या

पत्र: मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून 27 मुलं आणि आम्ही दोघीच, त्यातल्या एक मुख्याध्यापिका. चित्रकलेला वेगळा शिक्षक नाही, म्हणून तो तास माझ्याकडे. निसर्गचित्र म्हटलं की सगळ्यांचं एकच: दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, तिथून निघालेली नदी, कडेला झोपडी आणि एक माड. फळ्यावर काढून दिलं तर तेच उतरवतात, नाही दिलं तर "बाई, माका येना" (मला येत नाही) म्हणून बसून राहतात. रंग हातात दिले की अर्ध्या तासात सगळा चिखल. आभाळ म्हणजे वर एक निळी पट्टी, तिच्याखाली कागद कोरा. एका मुलीने माड जांभळा केला, तो दुरुस्त करायला सांगावा का? स्नेहसंमेलनात चित्रं लावायची आहेत आणि ती "बघण्यासारखी" हवीत असं वरून सांगणं आहे. पैसे बेताचेच. काय करू?
— एक शिक्षिका

बाई, नमस्कार.

त्या दोन डोंगरांपासूनच सुरुवात करू. पेडण्यात त्रिकोणी डोंगर आहेत कुठे? आपल्याकडचे डोंगर माथ्यावर सपाट, जांभ्या दगडाचे सडे. तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाने असा टोकदार डोंगर घराच्या दारातून पाहिलेला नसणार. सूर्याचंही तेच. आपला सूर्य डोंगराआडून उगवतो आणि दर्यात बुडतो, हे मोरजी-मांद्र्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. तरी चित्रात तो नदीच्या उगमापाशी जाऊन बसतो. म्हणजे मुलं पाहिलेलं काढत नाहीत, शिकलेलं काढतात. ते चित्र त्यांना मोठ्या भावंडाच्या वहीतून, स्पर्धेच्या बक्षीसपात्र कागदांवरून आणि, राग मानू नका, फळ्यावरून मिळालेलं आहे. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी माध्यमिक शाळेत नोकरी केली. पाचवीत येणारी मुलं हाच कागद बरोबर घेऊन यायची, आणि तो विसरायला लावण्यात माझं अर्धं वर्ष जायचं. तुमच्याकडे ती पहिलीपासून आहेत, तेव्हा तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे.

माझा सल्ला एकच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं. निसर्गचित्राच्या तासाला पेन्सिल आणि रबर कपाटात ठेवा. लहान मुलांना निसर्ग रेषेतून शिकवायला जाऊ नका, रंगातून शिकवा.

कारण असं. पेन्सिल हातात आली की मूल बारीक काढतं: बोटाएवढं घर, नखाएवढा माणूस. मग त्यावर जाडा ब्रश येतो आणि सगळं बुजतं. ते रडवेलं होतं, तुम्ही म्हणता "बाहेर गेलं बघ", आणि रंग म्हणजे रेषेच्या आत भरायची वस्तू हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. "माका येना" हे सुद्धा रेषेबद्दलचं बोलणं आहे. हात, गाय, होडी येत नाही म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. हिरवा येत नाही म्हणणारं मूल मला भेटलेलं नाही.

तर पहिला तास हिरव्याचा घ्या. चित्र नाही, डोंगर नाही, नुसता हिरवा. मुलांना शाळेच्या आवारात सोडा आणि प्रत्येकाला चार-पाच झाडांची पानं आणायला सांगा: आंबा, फणस, काजू, केळ, माडाच्या झावळीची एक पाती. मग हिरव्या रंगाची बाटली तुमच्याकडे ठेवून घ्या आणि मुलांना फक्त पिवळा आणि निळा द्या. म्हणा, या पानासारखा हिरवा करून दाखव. जमला का हे ठरवायची सोपी रीत आहे. केलेल्या रंगाचा एक ठिपका त्या पानावरच लावायचा. ठिपका पानात विरला तर जमलं, उठून दिसला तर नाही. मग "बाई, बघा" म्हणत तुमच्याकडे यायची गरजच राहत नाही, पानच उत्तर देतं. फणसाच्या पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकी असते, ते मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. आंब्याची कोवळी पालवी तर मुळात हिरवीच नाही, तांबूस आहे. ती आणणारं मूल थोडा वेळ गोंधळून बसेल. बसू द्या. थोड्या वेळाने ते स्वतःच लाल मागायला येईल.

मोठ्यांना, म्हणजे तिसरी-चौथीला, पुढची एक गंमत दाखवा. पिवळ्यात निळ्याऐवजी चिमूटभर काळा घातला तरी हिरवा होतो, पावसात चिऱ्याच्या भिंतीवर चढणाऱ्या शेवाळासारखा मळकट हिरवा. हिरव्यात किंचित लाल घातला की तो शांत होतो, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, आतल्या सावलीसारखा. बाटलीतला तयार हिरवा सगळ्या झाडांना सारखाच लागतो, म्हणून मुलांचं रान इतकं सपाट दिसतं. हा तास एकदा घेऊन थांबू नका. पावसाच्या सुरुवातीला शेतात तरवा, म्हणजे भाताची रोपं, पोपटी असतो तेव्हा घ्या, आणि भात पिवळं पडू लागतं तेव्हा तेच शेत पुन्हा दाखवा.

आता चिखल. त्याची कारणं ठरलेली असतात आणि त्यांतलं एकही मुलाच्या अंगातलं नसतं. एकाच डबड्यातलं गढूळ पाणी, एकाच वेळी हातात आलेले बारा रंग, आणि ओल्या रंगावर ब्रश घासत राहायची खोड. लाल आणि हिरवा मिसळले की तपकिरी होणारच, निळा-नारिंगी मिसळले तरी तेच. म्हणून प्रत्येक गटाला पाण्याची दोन भांडी द्या, एक ब्रश धुवायला आणि दुसरं रंगात घालायला, आणि शेजारी जुन्या सुती साडीचा तुकडा. धुतलेला ब्रश फडक्यावर टिपल्याशिवाय दुसऱ्या रंगात जायचं नाही, एवढा एक नियम कडक ठेवा. बाकी कडकपणा सोडून द्या. एका वेळी तीन रंग आणि पांढरा पुरे. काळा रंग वाटपातच ठेवू नका, लागला तर तुमच्याकडून मागून न्यायचा. काळा हातात असला की मुलं प्रत्येक झाडाला कडा काढतात आणि आपण पुन्हा रेषेवर येतो.

रंग कालवायला पांढरी बशी किंवा फुटकी टाईल घ्या. काही जण करवंटी सुचवतील. ती दिसायला झकास, पण आतून काळपट असल्यामुळे रंगाचा अंदाजच येत नाही. ब्रश मोठे घ्या, आठ नंबर आणि बारा नंबरचे गोल. दोन नंबरचा बारीक ब्रश पहिली-दुसरीच्या मुलाच्या हाती दिला की तो पेन्सिलच होतो. कागदाला मात्र कंजुषी नको. ड्रॉइंग शीटचा पाव भाग, म्हणजे साधारण 11 बाय 15 इंच, हा या वयाला योग्य आकार. वहीच्या पानावर आभाळ मावत नाही.

आभाळाची ती निळी पट्टी मात्र चूक नाही, तिला हात लावू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाचं म्हणणं सरळ आहे: आभाळ वर असतं, जमीन पायाखाली असते, मधे काय असतं? काही नसतं, मधे आपण असतो. म्हणून मधे कोरं. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी ही अवस्था साधारण सात ते नऊ या वयातली म्हणून नोंदवली आहे. कागदाच्या तळाशी एक जमिनीची रेघ, तिच्यावर सगळं ओळीने उभं, आणि वर आभाळ. जगभरची मुलं यातून जातात आणि आपोआप बाहेर येतात. तिसरी-चौथीतलं मूल पुढे जायला तयार झालंय असं वाटलं तर त्याला फाटकापाशी उभं करा आणि विचारा, "आभाळ कुठवर खाली येतं रे?" त्याचा हात आपोआप खाली खाली येत समोरच्या माडांच्या शेंड्यांपर्यंत, मग माडांच्या मधल्या फटीपर्यंत येतो. तेवढं पुरतं. परत जाऊन त्याने पट्टीच काढली तरी हरकत नाही, पुढच्या महिन्यात बघू. पण त्याच्या कागदावर तुमचा ब्रश टेकवू नका. शिक्षकाने "जरा नीट करून दिलेलं" चित्र मूल घरी नेतं, पण ते आपलं आहे असं त्याला वाटत नाही.

जांभळ्या माडाचंही तसंच. राहू दे. तिन्हीसांजेला पश्चिमेच्या उजेडासमोर उभे असलेले माड हिरवे दिसत नाहीत, काळसर जांभळेच दिसतात, तेव्हा कदाचित त्या मुलीनेच वर्गात सगळ्यात नीट पाहिलं असेल. किंवा तिला जांभळा आवडत असेल. दोन्ही कारणं चालतात. तिला विचारा मात्र: "हा माड कधीचा? सकाळचा की सांजेचा?" उत्तर काहीही येवो, प्रश्नामुळे वेळ आणि रंग यांची गाठ तिच्या मनात पडते.

यात एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण ती शिक्षकांच्या लक्षातून सुटते. एखादा मुलगा सतत झाडं तपकिरी आणि खोडं हिरवी करत असेल, रंगांच्या नावांत गोंधळत असेल, तर त्याला रागावण्याआधी दोन रंगीत खडू समोर ठेवून सहज विचारून बघा. काही जणांना जन्मतःच लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हे मुलग्यांत जास्त आढळतं, मुलींत क्वचित. संशय आला तर पालकांना बाजूला घेऊन डोळे तपासायला सांगा, वर्गात बोलू नका. अशा मुलाला रंगांच्या बाटल्यांवर नावं लिहून दिली की त्याचं काम चालतं.

मग खरं निसर्गचित्र कधी? हिरव्याचे दोन-तीन तास झाले की. वर्ग बाहेर न्या, सहलीला नव्हे, व्हरांड्यात किंवा फाटकापाशी. जुन्या लग्नपत्रिका घरोघरी पडलेल्या असतात. त्यांच्या जाड पुठ्ठ्यात आगपेटीएवढी चौकट कापा आणि एक डोळा मिटून त्यातून बघायला सांगा. समोरचं अख्खं जग मुलाला झेपत नाही, म्हणून ते पाठ केलेल्या डोंगराकडे पळतं. चौकटीत आलेला तुकडा झेपतो: अर्धा माड, भिंतीचा कोपरा, त्यामागे शेत. आधी ओल्या कागदावर मोठ्या ब्रशने आभाळाचा रंग, मग मागचं, मग जवळचं, या क्रमाने जा. मागचा रंग अंगठ्याला लागेनासा झाला की पुढचा. मधल्या वेळात मुलं कंटाळतात, तेव्हा एकमेकांची चित्रं बघायला फिरू द्या.

चौथीला दूरच्या डोंगराचा निळेपणा दाखवता येतो. पूर्वेकडे बघा, जवळची टेकडी हिरवी आणि पलीकडची सह्याद्रीची रांग निळसर. झाडं तिथेही हिरवीच आहेत, पण मधे कित्येक कोस हवा आहे आणि ती निळा उजेड विखुरते, म्हणून लांबचं सगळं निळं आणि फिकं होतं. रंगात सांगायचं तर जितकं लांब तितका निळा आणि पांढरा जास्त. पहिली-दुसरीला हे शिकवू नका, त्यांना लांबचा डोंगर हिरवाच आहे हे माहीत असतं आणि त्यांचं बरोबर असतं.

चौकटीत काय येतं त्यावर निवड करू नका. विजेच्या तारा येतील, मोबाइलचा टॉवर येईल, मोप्याच्या विमानतळावर उतरणारं विमान येईल. निसर्गचित्रात तार चालत नाही असा नियम कुणी केला कोण जाणे, पण शाळांमधून तो फार घट्ट आहे. एखादं मूल कापलेला तांबडा डोंगर आणि त्यावर पिवळा जेसीबी काढील. ते त्याच्या वाटेवरचं दृश्य आहे, आणि रंगाच्या दृष्टीनेही तांबड्यावर पिवळा म्हणजे झकास. तुमच्या शाळेपासून आगरवाडा लांब नसेल तर मिठागरं दाखवा. होळीच्या आसपास तिथे चौकोनी कप्प्यांत पाणी असतं आणि प्रत्येक कप्प्यात आभाळाचा वेगळा तुकडा. एका कप्प्याला एक रंग, इतकं सोपं निसर्गचित्र दुसरं नाही. पहिलीच्या मुलालाही ते जमतं आणि पाहणाऱ्याला ते मोठ्या चित्रकाराचं वाटतं.

भर पावसाळ्यात पाण्याचे रंग काढू नका. जुलैत कागद संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी असते. त्या महिन्यांत तेलखडू. एक अपवाद पावसाच्या चित्राचा: पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर जोरजोरात तिरक्या रेघा मारायच्या, त्या दिसत नाहीत, मग वरून पातळ निळा-करडा रंग फिरवायचा. मेणावर पाणी धरत नाही आणि अचानक पाऊस पडू लागतो. हा एक कागद वाळायला महिना लागला तरी काढाच.

चतुर्थीची सुट्टी संपून मुलं परत आली की त्यांना माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या रानफळांचे, रंग आठवायला सांगा. लालभडक कवंडळं, सुपारीचा घड, माट्टीची फळं, पिवळं तोरिंग. दिवाळीच्या बाजारात मिळणाऱ्या रंगपेटीपेक्षा ती यादी मोठी आहे, आणि घरातल्या पुरुषांबरोबर रानात जाऊन ती आणणारी मुलं तुमच्या वर्गात असणारच. त्यांना त्या वाटेचं चित्र काढायला सांगा.

पैशांचं म्हणाल तर सगळ्यात महागडा रंग तुमच्या पायाखाली फुकट आहे. शाळेमागची तांबडी माती वाळवा, कुटा, जुन्या ओढणीतून गाळा. वस्त्रगाळ मातीत थोडा फेविकॉल आणि पाणी घालून दाट सायीइतकं कालवा. झाला तांबडा रंग, आणि तो पोस्टर कलरपेक्षा खरा दिसतो, कारण रस्त्याला रस्त्याचाच रंग लागतो. दोन-तीन ठिकाणची माती आणायला सांगितलीत तर पिवळसर, तांबडी, काळपट अशा छटाही मिळतील. आपल्याकडच्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाचं कावीचं काम दिसतं, ते याच मातीचं भावंड. जवळच्या देवळात ते असेल तर मुलांना नेऊन दाखवा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते उपयोगी पडेल. विकत घ्यायचे ते फक्त पिवळा, निळा, लाल आणि भरपूर पांढरा, मोठ्या बाटल्यांत. बारा छोट्या बाटल्यांची पेटी घेऊ नका, त्यातला पांढरा आठवड्यात संपतो आणि जांभळा वर्षभर वाळत पडतो.

मोठ्या चित्रकारांची चित्रं दाखवायची इच्छा होईल. दाखवा, पण मुलांनी स्वतः काढल्यावर, आधी नव्हे, नाहीतर पुन्हा उतरवणं सुरू. पणजीला सहल गेली तर फोंतेन्यात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) या गोमंतकीय चित्रकाराची चित्रं आहेत. चौथीच्या मुलांना तिथे एकच प्रश्न द्या: या चित्रात उजेड कुठून येतोय?

राहिला स्नेहसंमेलनाचा प्रश्न. मुख्याध्यापिकांचं म्हणणं मला समजतं. गावची माणसं येणार, पंच येणार, भिंत चांगली दिसली पाहिजे. ती दिसेल, पण निवडून नव्हे, लावण्यातून. 27 चित्रं सगळी लावा, एकही वगळू नका. प्रत्येकाला चारी बाजूंनी दोन बोटं पांढरी किंवा काळी पट्टी चिकटवा, एका रांगेत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. नुसत्या पट्टीने चित्र किती उठतं ते बघून मुख्याध्यापिका स्वतः चकित होतील. खाली मुलाचं नाव, इयत्ता आणि चित्राबद्दल त्याने सांगितलेलं एक वाक्य, त्याच्याच बोलीत, कोकणी असेल तर कोकणीत. आणि शेजारी त्याच मुलाचं आधीचं दोन डोंगरांचं चित्र छोटं करून लावा. म्हणून बाई, आज वर्गात जी चित्रं आहेत ती टाकून देऊ नका, मागे तारीख घालून एका फाइलला लावून ठेवा. पालकांनी "आमच्या पोराक चित्र येना" म्हटलं तर त्यांना त्या दोन कागदांसमोर उभं करा आणि मुलालाच समजावून सांगू दे.

ब्रश धुतल्यावर केस वर करून डब्यात उभे ठेवायला एका मुलाला नेमा, नाहीतर जानेवारीपर्यंत एकही टिकणार नाही.